दार कोणतं, ते आधी ओळखा: स्पर्धा आणि दूरसंचार कायद्यातली वकिली

कायद्याच्या प्रवेशाचे दिवस आले की मूर्तिजापूर, दर्यापूर, कारंजा या पट्ट्यातून विचारणा सुरू होते आणि दरवर्षी प्रश्न तेच असतात. स्पर्धा आयोगापुढची वकिली म्हणजे नेमकं काय? ‘ट्राय’ हे कोर्ट आहे का? त्यासाठी राष्ट्रीय विधी विद्यापीठातच शिकावं लागतं का? गुगल, जिओ अशी नावं पेपरात वाचून मुलांचे डोळे चमकतात, आणि आईवडिलांच्या कपाळावर आठ्या पडतात. एका वडिलांनी विचारलेला प्रश्न मात्र लक्षात राहिला: “पोरीले असली वकिली शिकवाची म्हणजे दिल्लीलेच धाडा लागते काय जी?”

त्यांना दिलेलं उत्तर इथे सविस्तर मांडतो. या शाखेतली मोठी भांडणं दिल्लीत चालतात, हे खरं आहे. पण ती चालवायला लागणारं पहिलं कौशल्य तालुक्याच्या कोर्टातही शिकता येतं. ते कौशल्य म्हणजे पक्षकाराची तक्रार ऐकून ती कोणत्या दारी न्यायची हे ओळखणं. या क्षेत्रात चुकीच्या दारावर टकटक केली तर दोन-दोन वर्षं वाया जातात.

हे काम नेमकं काय असतं?

इथे दोन कायदे शेजारी-शेजारी उभे आहेत.

- स्पर्धा कायदा, २००२: व्यापाऱ्यांनी आपसात संगनमत करून भाव ठरवणं, निविदा वाटून घेणं (कलम ३), बाजारात वर्चस्व असलेल्याने त्याचा गैरवापर करणं (कलम ४) आणि मोठ्या कंपन्यांचं विलीनीकरण (कलम ५ व ६) हे याचे विषय. कलम ३ आणि ४ प्रत्यक्षात २० मे २००९ पासून लागू झाली. निर्णय भारतीय स्पर्धा आयोग म्हणजे सीसीआय देतो. अपील राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणात, म्हणजे एनसीएलएटीमध्ये होतं आणि त्यापुढे सर्वोच्च न्यायालय.
- ट्राय कायदा, १९९७: दूरसंचार आणि प्रसारण क्षेत्राचे नियम ट्राय करते. कंपन्या-कंपन्यांमधले, आणि कंपनी व सरकार यांच्यातले वाद टीडीसॅट या न्यायाधिकरणात चालतात. टीडीसॅट २००० सालच्या दुरुस्तीने आलं आणि २००४ पासून केबल व प्रसारणाचे वादही त्याच्याकडे गेले. त्यावरचं अपील थेट सर्वोच्च न्यायालयात, तेही कायद्याच्या महत्त्वाच्या मुद्द्यावरच.

म्हणजे ट्राय हे कोर्ट नाही. ती नियम करणारी आणि नियम पाळले जातात की नाही ते बघणारी संस्था आहे. हा एक फरक पक्का झाला की निम्मा गोंधळ मिटतो.

रोजच्या कामात भाषणबाजी कमी आणि वाचन जास्त असतं. करार, दरपत्रकं, ईमेल, बैठकींची इतिवृत्तं, निविदेच्या फाइली वाचायच्या, त्यातून घटनाक्रम बांधायचा आणि मग अर्थशास्त्रज्ञाच्या मदतीने ‘बाजार’ कोणता ते दाखवून द्यायचं. ज्याला सातबाऱ्यावरच्या फेरफारांची साखळी लावता येते, त्याला हे काम अनोळखी वाटत नाही.

दोन्ही कायदे एकत्र का शिकायचे?

कारण भांडण एकच असतं आणि दोन्ही कायदे त्यावर हक्क सांगतात. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मुंबई उच्च न्यायालयातून गेलेलं आहे.

मूर्तिजापूरच्या माणसाला ते समजायला पुस्तक लागू नये. यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी शकुंतला आठवा. रूळ एका खासगी कंपनीचे, गाडी सरकारी रेल्वेची. दुसऱ्याच्या रुळांवरून आपली गाडी न्यायची, तर रूळवाल्याने वाट किती द्यायची, मोबदला काय घ्यायचा, दुरुस्ती कोणी करायची? टेलिफोनच्या जगात याच प्रश्नाला इंटरकनेक्शन म्हणतात. एका कंपनीच्या मोबाइलवरून दुसऱ्या कंपनीच्या मोबाइलवर फोन लागायचा, तर दोन्ही जाळी जोडणारे सांधे लागतात.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ बाजारात उतरली. जुन्या कंपन्या पुरेसे सांधे देत नाहीत, म्हणून आमचे कॉल लागत नाहीत, अशी तिची तक्रार होती. ट्रायने ऑक्टोबर २०१६ मध्ये एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया यांना मिळून ३,०५० कोटी रुपयांचा दंड करावा अशी शिफारस केली. तिकडे हेच संगनमत आहे असं म्हणत प्रकरण स्पर्धा आयोगाकडेही गेलं आणि आयोगाने २१ एप्रिल २०१७ रोजी चौकशीचा आदेश दिला. मुंबई उच्च न्यायालयाने तो २१ सप्टेंबर २०१७ रोजी रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी उच्च न्यायालयाचा निकाल कायम ठेवला. त्याचा गाभा असा की स्पर्धा आयोगाचा अधिकार संपलेला नाही, पण परवान्याच्या अटी मोडल्या की नाही हे आधी ट्राय ठरवेल, त्यानंतर आयोगाची पाळी.

या निकालाचा तुमच्या करिअरशी थेट संबंध आहे. दोन्ही कायदे माहीत असलेला वकील पक्षकाराला पहिल्याच दिवशी सांगू शकतो, “आधी इकडे, मग तिकडे.” एकच कायदा माहीत असलेला आपल्याला ठाऊक असलेल्या दाराकडे धावतो.

मोठी प्रकरणं आपल्याच मातीतून जातात

ही वकिली फक्त महानगरांची आहे, हा समज काढून टाका.

- कोळसा: महानिर्मितीने कोल इंडियाविरुद्ध वर्चस्वाच्या गैरवापराची तक्रार केली. अकोला जिल्ह्यातलं पारसचं वीजकेंद्र याच महानिर्मितीचं. आयोगाने डिसेंबर २०१३ मध्ये १,७७३.०५ कोटींचा दंड ठोठावला. अपिलात प्रकरण परत आलं, आणि मार्च २०१७ च्या नव्या आदेशात दंड ५९१.०१ कोटींवर आला. सरकारी कंपनीलाही स्पर्धा कायदा लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये स्पष्ट केलं.
- कपाशीचं बियाणं: बीटी तंत्रज्ञानाच्या शुल्कावरून माहिको-मोन्सॅन्टो कंपनीविरुद्ध आयोगाने फेब्रुवारी २०१६ मध्ये चौकशीचा आदेश दिला. बियाण्याच्या पाकिटाच्या किमतीत हे शुल्क मिसळलेलं असायचं. त्याचा अर्थ वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलीला शिकवावा लागत नाही.
- पालिकेच्या निविदा: पुणे महापालिकेच्या घनकचरा प्रकल्पांच्या निविदांत संगनमत झाल्याची माहिती नागरिक चेतना मंच या नागरिकांच्या संस्थेने आयोगाला दिली. मे २०१८ मध्ये आयोगाने संगनमत सिद्ध झाल्याचा आदेश दिला. निविदा प्रत्येक नगरपरिषदेत निघतात, तेव्हा हा कायदा मूर्तिजापुरातही लागू आहेच.

माणसंही आपल्याकडची आहेत. तेव्हाच्या स्पर्धा अपील न्यायाधिकरणाचे अध्यक्षपद भूषवलेले न्यायमूर्ती विकास सिरपूरकर चंद्रपूरच्या शाळेत शिकले आणि नागपूर खंडपीठात वकिली करून सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले. अमरावतीत जन्मलेले आणि अमरावती विद्यापीठातून कायदा शिकलेले भूषण गवई १४ मे २०२५ रोजी देशाचे सरन्यायाधीश झाले. कॉलेजचं नाव मोठं असेल तर पहिली मुलाखत लवकर मिळते. पुढचं काम फाइलवरच ठरतं.

कोणती तक्रार कोणत्या दारी?

हा तक्ता वहीत उतरवून घ्या. विद्यार्थ्याला तो परीक्षेत आणि वकिलाला ऑफिसात उपयोगी पडेल.

१. मोबाइलचं बिल चुकीचं आलं, न मागता सेवा सुरू झाली: आधी कंपनीचं तक्रार केंद्र, नंतर कंपनीतलंच अपील प्राधिकरण. तिथे समाधान झालं नाही तर अकोल्याचा जिल्हा ग्राहक आयोग. दूरसंचाराच्या तक्रारी ग्राहक आयोग ऐकू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. तक्रारीची मुदत दोन वर्षं.
२. एकट्या ग्राहकाची तक्रार टीडीसॅटमध्ये न्यायची आहे: नेता येत नाही. ट्रायही वैयक्तिक तक्रारी सोडवत बसत नाही.
३. केबलवाल्याचा आणि त्याला सिग्नल पुरवणाऱ्या मोठ्या कंपनीचा वाद: टीडीसॅट. दिवाणी कोर्टाला यात अधिकार नाही.
४. पुरवठादारांनी मिळून भाव ठरवले, निविदा वाटून घेतल्या: स्पर्धा आयोग. २०२३ च्या दुरुस्तीनंतर घटनेपासून तीन वर्षांच्या आत माहिती दाखल करावी लागते.
५. ट्रायच्या आदेशाविरुद्ध अपील: टीडीसॅट, ३० दिवसांत.
६. स्पर्धा आयोगाच्या अपीलयोग्य आदेशाविरुद्ध: एनसीएलएटी, ६० दिवसांत. दंडाविरुद्ध अपील असेल तर दंडाच्या २५ टक्के रक्कम आधी भरावी लागते.
७. अधिकारच नसताना नियामकाने आदेश काढला: उच्च न्यायालयात रिट. आपल्यासाठी नागपूर खंडपीठ.

एक फाइल जवळून बघू

समजा, तालुक्यातल्या एका गावचा केबलवाला तुमच्या टेबलासमोर बसला आहे. प्लास्टिकच्या पिशवीत त्याचे कागद आहेत: कराराचं फक्त शेवटचं, सहीचं पान, काही बिलं, सेट-टॉप बॉक्सचे नंबर लिहिलेली वही आणि मोबाइलवर आलेला एक मेसेज, “थकबाकी भरा, नाहीतर परवा सिग्नल बंद.” गावात सणाचे दिवस आहेत. त्याचं म्हणणं एकच, “पोलिसात तक्रार लिहून द्या.”

तुम्ही काय कराल?

- पूर्ण करार मागवा. एका पानावर केस उभी राहत नाही. कराराची प्रत त्याच्याकडे नसेल तर ती कंपनीकडे लेखी मागा. त्या मागणीची पोच हा तुमचा पहिला पुरावा.
- नोटीस तपासा. ट्रायच्या २०१७ च्या इंटरकनेक्शन नियमांप्रमाणे सिग्नल तोडण्याआधी कारणांसह तीन आठवड्यांची लेखी नोटीस द्यावी लागते. ‘परवा बंद’ म्हणणारा मेसेज त्यात बसत नाही.
- हिशेब जुळवा. वहीतले चालू बॉक्स किती, बिलात किती धरले, पैसे कधी भरले? थकबाकीचा आकडा खरा असेल तर पक्षकाराला तो आजच सांगा. न्यायाधिकरण अंतरिम दिलासा देताना काही रक्कम भरायला सांगू शकतं.
- दार ठरवा. हे पोलिसांचं काम नाही, मूर्तिजापूरच्या दिवाणी न्यायालयाचंही नाही. याचिका टीडीसॅटमध्ये होईल. तिथे दूरदृश्य प्रणालीनेही सुनावणी होते.

याचिका तुम्ही एकट्याने लिहिली नाहीत तरी चालेल. पण दिल्लीतल्या वकिलाकडे तारखांचा तक्ता, पूर्ण करार आणि जुळवलेला हिशेब पाठवलात, तर तो तुम्हाला लक्षात ठेवतो. पुढचं काम त्याच ओळखीतून येतं.

सुरुवात कुठून करायची?

तुम्ही बारावीत असाल तर:
- पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी राज्याची एमएच-सीईटी लॉ द्या. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट वेगळी असते. महाराष्ट्रात अशी विद्यापीठं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत.
- क्लॅट निघाली नाही म्हणून वर्ष वाया घालवू नका. पुण्याचं आयएलएस, मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय हे पर्याय सीईटीतूनच खुले होतात.

तुम्ही पदवीधर असाल तर:
- तीन वर्षांचा एलएलबी करा. अकोला, अमरावती, यवतमाळ या तिन्ही ठिकाणी विधी महाविद्यालयं आहेत. घरून जाऊन-येऊन शिकता येतं, हा मोठा फायदा.
- बी.कॉम., अर्थशास्त्र किंवा अभियांत्रिकी झालेलं असेल तर ते लपवू नका. या शाखेत ताळेबंद वाचता येणं आणि स्पेक्ट्रम म्हणजे काय ते कळणं याला किंमत आहे.

तुम्ही आधीच वकील असाल तर:
- पुन्हा पदवीच्या मागे लागण्याआधी ग्राहक आयोगातली दूरसंचाराची आणि विमा-बँकेची प्रकरणं घ्या. नियामकाचे नियम वाचण्याची सवय तिथे लागते.

शुल्काची चिंता असेल तर महाडीबीटी पोर्टल बघा. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, बाहेरगावी राहणाऱ्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना यांचे निकष आणि तारखा प्रवेशाच्या दिवशीच लिहून घ्या. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला वेळेत काढला नाही, म्हणून हुकलेल्या शिष्यवृत्त्या गुणांमुळे हुकलेल्यांपेक्षा कमी नसतात.

इंग्रजीचं काय? आयोग आणि न्यायाधिकरणांचं काम इंग्रजीत चालतं, त्यामुळे ती टाळता येणार नाही. मात्र लागते ती लिहायची इंग्रजी, झोकात बोलायची नव्हे. रोज एका आदेशाचा एक परिच्छेद वाचा, पुस्तक मिटा आणि त्याचा सारांश तीन सोप्या वाक्यांत इंग्रजीत लिहा. सहा महिन्यांनी जुनी वही उघडून बघा.

सनद आणि पहिली तीन वर्षं

पदवीनंतर बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा यांच्याकडे नोंदणी करायची आणि ऑल इंडिया बार परीक्षा, म्हणजे एआयबीई, उत्तीर्ण व्हायचं. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही आता ही परीक्षा देता येते. परीक्षेला टिपणं नसलेले बेअर ॲक्ट नेता येतात, म्हणून कायद्यात कोणतं कलम कुठे आहे याची सवय करा.

मग तीन वर्षं अशी आखता येतील:

- पहिलं वर्ष, तालुका आणि जिल्हा: दावा, कैफियत, शपथपत्र, पुरावा, उलटतपासणी. टीडीसॅटमध्येही शपथपत्रावर पुरावा होतो आणि तो गचाळ असला तर मोठ्या वकिलाचाही युक्तिवाद अडतो.
- दुसरं वर्ष, नागपूर खंडपीठ: रिट याचिका कशी मांडतात, ‘अधिकारक्षेत्र’ हा मुद्दा कसा लढवतात ते बघा. नियामकांविरुद्धची लढाई बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते.
- तिसरं वर्ष, मुंबई किंवा दिल्ली: आता इंटर्न म्हणून नव्हे, काम येणारा ज्युनिअर म्हणून जा. शहरात खोलीचं भाडं भरताना हा फरक कळतो.

विद्यार्थी असतानाच स्पर्धा आयोगाच्या इंटर्नशिपसाठी अर्ज करा. सूचना आयोगाच्या अधिकृत संकेतस्थळावर असते. अर्जात ‘मला या विषयाची आवड आहे’ असं लिहिण्याऐवजी तुम्ही वाचलेला एक आदेश आणि त्यात तुम्हाला न पटलेला एक मुद्दा लिहा.

पुढे कोणकोणत्या वाटा फुटतात?

- न्यायालयीन वकिली: आयोग, टीडीसॅट, एनसीएलएटी, उच्च न्यायालय. स्वातंत्र्य आहे, पण सुरुवातीची वर्षं ओढाताणीची. सर्वोच्च न्यायालयात स्वतःच्या नावाने याचिका दाखल करायची असेल तर ॲडव्होकेट-ऑन-रेकॉर्डची परीक्षा द्यावी लागते. त्यासाठी चार वर्षांची वकिली आणि नंतर एक वर्षाचं प्रशिक्षण हवं.
- लॉ फर्म: विलीनीकरणाच्या मंजुऱ्या हे इथलं मुख्य काम. १० सप्टेंबर २०२४ पासून भारतात ठोस कारभार असलेल्या कंपन्यांच्या २,००० कोटींहून मोठ्या व्यवहारांनाही आयोगाची मंजुरी लागते, त्यामुळे काम वाढलं आहे. पगार नियमित, घरी जायची वेळ अनियमित.
- कंपनीचा विधी विभाग: दूरसंचार, टॉवर, केबल, इंटरनेट कंपन्यांत परवान्याच्या अटी आणि ट्रायचे नियम पाळले जातात की नाही ते बघणं.
- नियामकाच्या आत: आयोगात आणि ट्रायमध्ये विधी शाखेची पदं, तसंच ठरावीक मुदतीच्या व्यावसायिक नेमणुका निघतात. जाहिरात अधिकृत संकेतस्थळावरच बघा.
- वैयक्तिक माहितीचं संरक्षण: २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याखालची अपिलं टीडीसॅटकडे सोपवली आहेत. स्पर्धा आयोगानेही १८ नोव्हेंबर २०२४ रोजी व्हॉट्सॲपच्या माहितीविषयक धोरणावरून मेटाला २१३.१४ कोटींचा दंड केला. दूरसंचार शिकलेल्या वकिलासाठी ही लागूनच असलेली शेतं आहेत.

एक लक्षात घ्या. आयोगापुढे आणि टीडीसॅटपुढे वकिलांबरोबर सनदी लेखापाल, कंपनी सेक्रेटरी आणि कॉस्ट अकाउंटंटही बाजू मांडू शकतात. त्यामुळे आकडे कळत नाहीत असं म्हणणाऱ्या वकिलाला इथे टिकणं कठीण.

पाय घसरायच्या जागा

- जुनी गाइडं. २६ मे २०१७ पासून स्पर्धेची अपिलं एनसीएलएटीकडे आहेत, जुन्या पुस्तकांत वेगळं न्यायाधिकरण दिसेल. दूरसंचार कायदा, २०२३ हा १८८५ च्या तार कायद्याची जागा टप्प्याटप्प्याने घेतो आहे. कोणतं कलम कधी लागू झालं, हे बघितल्याशिवाय लिहू नका.
- नोकरी आणि सनद एकत्र. पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिली करता येत नाही. बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित करावी लागते. हे लपवणाऱ्याला पुढे शिस्तभंगाच्या कारवाईला तोंड द्यावं लागू शकतं.
- जाहिरातबाजी. ‘टीडीसॅट तज्ज्ञ’ म्हणून पक्षकार ओढणारे रील टाकू नका. वकिलाने जाहिरात करून काम मिळवण्यावर बंदी आहे.
- नोकरीची हमी देणारे डिप्लोमा. फी भरण्याआधी एवढंच विचारा: कोण शिकवतं, त्याने कोणत्या आदेशांत काम केलं आणि तो आदेश मला वाचायला मिळेल का?
- गोपनीय कागद. आयोगापुढे कंपन्यांचे व्यापारी तपशील येतात. इंटर्नशिपमध्ये बघितलेल्या फाइलचा फोटो मित्राला पाठवलात तर करिअर तिथेच थांबू शकतं.
- टॉवरची फसवणूक. “शेतात टॉवर बसवतो, आधी शुल्क भरा,” असे फोन खेड्यांत येतात. ट्राय असं शुल्क घेत नाही, ना-हरकत पत्रही देत नाही. असा पक्षकार आला तर करार लिहीत बसू नका, सायबर पोलिसांकडे पाठवा.

तुमचे हक्क

- नोंदणी शुल्क: सर्वोच्च न्यायालयाच्या ३० जुलै २०२४ च्या निकालानुसार नोंदणीसाठी खुल्या प्रवर्गाकडून ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांकडून १२५ रुपये यापेक्षा जास्त शुल्क घेता येत नाही.
- देशभर वकिली: वकील अधिनियमाच्या कलम ३० प्रमाणे महाराष्ट्राची सनद देशभरातल्या न्यायालयांत आणि न्यायाधिकरणांत चालते. टीडीसॅटसाठी दिल्लीत नव्याने नोंदणी करायची गरज नाही.
- ज्युनिअरचं विद्यावेतन: बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरी भागात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपयांची शिफारस केली. ही शिफारस आहे, सक्ती नाही. तरी सीनियरकडे बोलणी करताना आकडा हाताशी असू द्या.
- कामाच्या जागी सुरक्षितता: २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंध कायदा इंटर्न आणि प्रशिक्षणार्थी मुलींनाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसात अंतर्गत समिती हवी. लहान ऑफिस असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते.

या महिन्यात करायचं काम

ही वाट आपली आहे की नाही, हे फी भरण्याआधी फुकटात तपासता येतं.

१. स्पर्धा आयोगाच्या संकेतस्थळावरून एक आदेश उतरवा. पुण्याच्या कचरा-निविदांचा घेतलात तर उत्तम.
२. पाच प्रश्नांची उत्तरं मराठीत लिहा: तक्रार कोणाची? कोणाविरुद्ध? बाजार कोणता धरला? पुरावा काय? आयोगाने काय सांगितलं आणि का?
३. आपल्याच गावातला एक ‘बाजार’ निवडा: घरचं इंटरनेट, गॅस, सरकी, केबल. विक्रेते किती, भाव कोण ठरवतो, नव्या माणसाला शिरता येतं का, ते चार दुकानं फिरून एका पानावर लिहा.
४. घरातलं मोबाइलचं किंवा केबलचं एक बिल घ्या. त्यात चूक निघाली तर वरच्या तक्त्यातलं कोणतं दार लागेल ते शेजारी लिहा.

हे करताना कंटाळा आला तर वाईट वाटून घेऊ नका. कायद्याला इतर शाखा भरपूर आहेत. पण तिसरं काम करताना दुकानदाराला विचारायचे आणखी दोन प्रश्न आपोआप सुचले, तर पुढचा खर्च करायला हरकत नाही.

त्या वडिलांना मी शेवटी एवढंच सांगितलं: दिल्लीचं तिकीट आत्ताच काढू नका. आधी मुलीला गावातल्या केबलवाल्याचं एक बिल वाचायला द्या. ती बिल वाचून गप्प बसते की कराराची प्रत मागते, ते बघा.